व्हेरिकोसीलचं ऑपरेशन: पहिल्या तपासणीपासून सहा महिन्यांनंतरच्या रिपोर्टपर्यंत

अंडकोशाच्या पिशवीत, वृषणाच्या थोडं वर, अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरांचं जाळं असतं. या शिरांतल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. हेच व्हेरिकोसील. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना ते असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांमध्ये ते ३५ ते ४० टक्के जणांत सापडतं.

म्हणजे व्हेरिकोसील आहे एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही. सोनोग्राफीचा कागद हातात पडला की घरचे घाबरतात, कुणीतरी लगेच तारीख घ्यायला सांगतं. तसंच उलटही होतं. ज्याला खरंच ऑपरेशनचा फायदा झाला असता, असा माणूस लाजेपोटी चार-पाच वर्षं चूर्ण आणि तेलं वापरत बसतो. दोन्ही टाळायचं असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या.

डाव्याच बाजूला का?

दहापैकी नऊ व्हेरिकोसील डाव्या बाजूला असतात. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मुख्य महाशिरेला तिरकी जाऊन मिळते. डावी शीर ८ ते १० सेंटिमीटर जास्त लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. रक्ताचा उभा स्तंभ जितका उंच, तितका खालच्या झडपांवर दाब जास्त.

शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणाचं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी लागतं. वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात ते त्यासाठीच. साचलेल्या गरम रक्तामुळे ही थंड ठेवण्याची सोय बिघडते. त्यातून शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि त्यांच्या डीएनएचा दर्जा, तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. एका बाजूच्या बिघाडाचा परिणाम दोन्ही वृषणांवर होऊ शकतो, त्यामुळे ‘उजवा तर चांगला आहे ना’ या समाधानावर राहू नका.

पहिली पायरी: उभं राहून, हाताने केलेली तपासणी

यासाठी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या तज्ज्ञाकडे जा. खोली फार थंड नको, कारण थंडीत पिशवी आक्रसते आणि शिरा हाताला लागत नाहीत. डॉक्टर आधी उभं करून तपासतात, मग खोल श्वास घेऊन, तो रोखून, शौचाला जोर लावतो तसा जोर लावायला सांगतात. शेवटी आडवं झोपवून पुन्हा बघतात. मोठं व्हेरिकोसील बोटांना शिजलेल्या शेवयांच्या गुंत्यासारखं लागतं आणि झोपल्यावर बरंचसं ओसरतं.

यावरून श्रेणी ठरते. जोर लावल्यावरच हाताला लागलं तर पहिली, नुसतं उभं राहिल्यावर लागलं तर दुसरी, आणि पिशवीच्या कातडीतून डोळ्यांनीच दिसलं तर तिसरी. हाताला लागतच नाही, फक्त सोनोग्राफीत दिसतं, असंही व्हेरिकोसील असतं. अशा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून फायदा होतो असं दिसलेलं नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी हात न लावता, फक्त कलर डॉप्लरचा (शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा) कागद पाहून ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. डॉप्लरमध्ये साधारण ३ मिलिमीटरपेक्षा रुंद शिरा आणि जोर लावल्यावर उलटं वाहणारं रक्त पाहतात. ती तपासणी शंका दूर करायला आणि वृषणांचा आकार मोजायला उपयोगी आहे, पण ती हाताच्या तपासणीची जागा घेत नाही.

तीन गोष्टी दिसल्या तर थांबू नका. चाळिशी-पन्नाशीत अचानक नवं व्हेरिकोसील आलं, झोपल्यावरही ते ओसरत नाही, किंवा फक्त उजव्या बाजूला मोठं व्हेरिकोसील आहे, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. मूत्रपिंडाजवळची गाठ शिरेवर दाब देत असेल तर ती अशीही कळते. आणि वृषणात एकाएकी असह्य कळ आली, मळमळ झाली, विशेषतः पौगंडातल्या मुलाला, तर ते व्हेरिकोसील नव्हे. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो वाचवायला जेमतेम सहा तास असतात. अशा वेळी रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

दुसरी पायरी: रिपोर्ट, नवऱ्याचे आणि बायकोचेही

वीर्यतपासणी एकदा करून भागत नाही. दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळून नमुना द्यायचा आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा एकदा द्यायचा. शक्यतो दोन्ही वेळा तीच लॅब ठेवा. मधल्या तीन महिन्यांत टायफॉईड, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर संख्या तात्पुरती पडते. तसं डॉक्टरांना सांगा आणि तपासणी पुढे ढकला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा अशी दिली आहे: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू (रिपोर्टवर १६ मिलियन), एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि नीट आकाराचे ४ टक्के. शेवटच्या आकड्याने पुष्कळ जोडपी हादरतात. ९६ टक्के शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचे असूनही रिपोर्ट नॉर्मल असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

संख्या फार कमी असेल तर एफएसएच (वृषणांना शुक्राणू तयार करायला लावणारं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) या रक्ततपासण्या लागतात. मिलिलिटरला ५० लाखांच्याही खाली असेल तर गुणसूत्रांची तपासणी करतात, कारण तिथे दोष निघाला तर ऑपरेशनचा फारसा उपयोग होत नाही. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉईडची इंजेक्शनं घेतली असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होणं जवळजवळ बंद पडू शकतं. अशा वेळी व्हेरिकोसीलवर खापर फोडून ऑपरेशन केलं तर मूळ कारण तसंच राहतं. तंबाखू, गुटखा आणि सिगारेट आत्ताच बंद करा, ऑपरेशन ठरो वा न ठरो.

बायकोच्या तपासण्या याच काळात व्हायला हव्यात: वय, पाळी, बीजनलिका मोकळ्या आहेत का, अंडाशयातला बीजसाठा किती आहे. आपल्याकडे हे सहसा उलट्या क्रमाने होतं. वर्षभर तिच्याच तपासण्या चालतात आणि नवऱ्याचा साधा नमुनाही दिलेला नसतो. ऑपरेशनचा परिणाम दिसायला महिने लागतात, आणि तिचं वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा बीजसाठा कमी असेल तर ते महिने फार मोलाचे असतात. तिथे थेट आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा विचार जास्त शहाणपणाचा ठरू शकतो. हा निर्णय दोघांनी युरोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून घ्यायचा.

तिसरी पायरी: ऑपरेशन कोणाला?

मूल हवं आहे, व्हेरिकोसील हाताला लागतंय, वीर्याचे रिपोर्ट बिघडलेले आहेत आणि पत्नीकडे मोठी अडचण नाही: या चारही गोष्टी जुळल्या तर ऑपरेशनला चांगला आधार आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १४५ पुरुषांच्या चाचणीत एका गटाचं ऑपरेशन केलं आणि दुसऱ्या गटावर नुसतं लक्ष ठेवलं. वर्षभरात ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणा झाली, तर दुसऱ्या गटात १४ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण ऑपरेशन झालेल्या गटातही दर तीनपैकी दोन जोडप्यांना वर्षभरात गर्भधारणा झाली नव्हती, हेही त्याच आकड्यांत आहे. ‘ऑपरेशन केलं की मूल होणारच’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

किशोरवयीन मुलांचं गणित वेगळं आहे. त्या बाजूचा वृषण दुसऱ्यापेक्षा २० टक्क्यांहून लहान राहतोय असं पुन्हापुन्हा मोजून दिसलं, तर ऑपरेशन सुचवतात. आकार सारखे असतील तर वर्षातून एकदा तपासत राहायचं.

दुखण्यासाठी ऑपरेशन करताना मात्र घाई नको. व्हेरिकोसीलचं दुखणं बोथट, जड, ओढल्यासारखं असतं. ते दिवसभर उभं राहिल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं. आधी काही आठवडे वृषणांना उचलून धरणारा घट्ट सपोर्टर आणि साध्या वेदनाशामक गोळ्या वापरून बघा. तरीही तशीच जडशीळ ओढ राहिली तर ऑपरेशनने बहुतेकांना आराम पडतो. दुखणं तीक्ष्ण असेल, कंबरेतून खाली येत असेल किंवा लघवीला जळजळ असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. मुतखड्याचं दुखणंही इथपर्यंत येतं.

सैन्य आणि निमलष्करी दलांच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. पहाटे उठून मैदान मारणारी ही मुलं शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा पार करतात आणि मेडिकलला व्हेरिकोसीलमुळे अपात्र ठरतात. त्यानंतर फेरतपासणीसाठी हातात थोडेच दिवस असतात, आणि त्या घाईत मिळेल तिथे ऑपरेशन उरकलं जातं. तयारी सुरू करतानाच एकदा उभं राहून तपासून घेतलं तर हे टळतं. जखम पूर्ण भरायला आणि धावण्याचा सराव परत यायला काही महिने हाताशी राहतात. ज्या दलात जायचंय त्याचे त्या वर्षीचे वैद्यकीय निकष आधी वाचा.

चौथी पायरी: पद्धत आणि सर्जन

सगळ्या पद्धतींचा हेतू एकच: उलटं रक्त आणणाऱ्या शिरा बंद करायच्या, धमनी आणि लसीकावाहिन्या (ऊतींतलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) शाबूत ठेवायच्या. ‘शिरा बांधल्यावर रक्त परत कसं जाणार?’ असं रुग्ण नेहमी विचारतात. वीर्यवाहिनीसोबत वेगळ्या शिरा असतात, त्या मुद्दाम राखतात. बाजूच्या इतर शिराही मदतीला येतात आणि रक्त त्या वाटेने वर जातं.

आज सर्वांत भरवशाची समजली जाते ती मायक्रोस्कोपखाली, जांघेच्या किंचित खाली छोटा छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया. जुन्या पद्धतीत, म्हणजे १९४९ पासून पालोमोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पोटाच्या खालच्या भागात वरच्या पातळीवर शिरा बांधण्याच्या ऑपरेशनात, व्हेरिकोसील परत येण्याचं आणि वृषणाभोवती पाणी साचण्याचं प्रमाण जास्त असतं. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या तुलनेत पालोमो पद्धतीनंतर सुमारे १५ टक्के रुग्णांत व्हेरिकोसील परत आलं, लॅपरोस्कोपीनंतर (पोटाला बारीक छिद्रं पाडून, आत कॅमेरा घालून केलेल्या ऑपरेशननंतर) ४ टक्क्यांच्या आसपास, मायक्रोस्कोपच्या पद्धतीनंतर १ टक्का. पाणी साचणं, म्हणजे हायड्रोसील, पालोमोनंतर ८ टक्के, लॅपरोस्कोपीनंतर ३ टक्क्यांच्या आत, मायक्रोस्कोपनंतर अर्ध्या टक्क्याच्याही आत.

लॅपरोस्कोपी वाईट नाही. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन एकाच वेळी, पोटाला तीन बारीक छिद्रं पाडून उरकतं, पण पूर्ण भूल लागते. तिसरा मार्ग एम्बोलायझेशनचा. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून बारीक नळी आत नेऊन, बारीक धातूची वेटोळी किंवा औषध सोडून शीर आतूनच बंद करतात. यात टाके नसतात आणि जागा बधिर करून काम होतं. एकदा ऑपरेशन होऊन व्हेरिकोसील परत आलं असेल तेव्हा हा मार्ग विशेष उपयोगी. मात्र त्यासाठी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट (एक्स-रेवर बघत नळीने उपचार करणारे तज्ज्ञ) असलेलं मोठं हॉस्पिटल लागतं.

‘दुर्बिणीने करू’ असं सांगितलं तर तिथेच विचारा: पोटातून लॅपरोस्कोपी, की जांघेत छेद घेऊन मायक्रोस्कोप? आपल्याकडे दोन्हींना सर्रास दुर्बीण म्हणतात. पुढचे प्रश्न: असली ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? धमनी ओळखायला डॉप्लर वापरता का? तुमच्या रुग्णांत व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण किती? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. ‘लेझरने, बिनाटाक्याचं, अर्ध्या तासात’ अशा जाहिराती दिसतील. नेमकं काय कापणार आणि काय बांधणार, हे त्यांच्याकडून कागदावर घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

खर्च शहर, हॉस्पिटल आणि पद्धतीप्रमाणे खूप बदलतो, म्हणून भूल, मायक्रोस्कोप, औषधं आणि खोली धरून लेखी अंदाज मागा. विमा असेल तर पॉलिसीत दोन गोष्टी पहा. ठरावीक आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ एक, आणि वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले आहेत का ही दुसरी. दुखण्यासाठी केलेलं ऑपरेशन आणि मूल होण्यासाठी केलेलं ऑपरेशन यांत विमा कंपनी फरक करू शकते, म्हणून आधीच लेखी मंजुरी घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि रिपोर्ट दाखवून विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या हॉस्पिटलांतही हे ऑपरेशन होतं.

पाचवी पायरी: ऑपरेशनचा दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, आयुर्वेदिक काढे, जे काही चालू असेल ते सगळं आधी सांगा. कोणती गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. भुलीआधी सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं. मूल होण्याचाच प्रश्न असेल आणि वीर्यात थोडे का होईना शुक्राणू असतील, तर आधी नमुना गोठवून ठेवायचा का, हेही विचारून घ्या. घरी नेणारं कुणीतरी सोबत हवं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

कमरेतून किंवा पूर्ण भूल देतात. जांघेखाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन वृषणाला जाणारी दोरी, म्हणजे धमन्या, शिरा, लसीकावाहिन्या आणि वीर्यवाहिनी यांचा जुडगा, हळूच बाहेर उचलतात आणि त्यावर मायक्रोस्कोप आणतात. खरं काम इथून पुढे. वृषणाची धमनी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर रुंद असते आणि तिला चारही बाजूंनी शिरा चिकटलेल्या असतात. हाताळताना ती आकसली की ठोके दिसेनासे होतात. मग सर्जन तिच्यावर औषधाचे थेंब सोडून थांबतात, आणि डॉप्लरची बारीक कांडी टेकवून ठोक्यांचा आवाज ऐकतात. ती ओळखून बाजूला घेतली की उरलेल्या शिरा एकेक करून रेशमी धाग्याने बांधतात किंवा क्लिप लावून कापतात. पाण्यासारख्या पारदर्शक लसीकावाहिन्या तशाच ठेवायच्या असतात. त्या चुकून बांधल्या गेल्या की नंतर हायड्रोसील होतं. एका बाजूला साधारण एक तास लागतो. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

सहावी पायरी: घरी आल्यावर

पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून काही वेळा ठेवा. थेट कातडीवर नको. सपोर्टर किंवा घट्ट चड्डी दोन आठवडे घाला. त्याच दिवशी घरात चालायला लागा, पडून राहू नका. जखम कधी ओली करायची ते सर्जनच्या सांगण्याप्रमाणे, साधारण दोन दिवसांनी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. भाकरी-भाजी, भरपूर पाणी, गरज पडली तर इसबगोल.

बैठं काम असेल तर आठवड्याच्या आत ऑफिसला जाता येतं. दुचाकी आणि शरीरसंबंध साधारण दोन आठवड्यांनी, तेही दुखत नसेल तर. जड उचलणं, शेतातली मेहनतीची कामं, व्यायामशाळा आणि धावणं यांना किमान तीन ते चार आठवडे सुट्टी द्या. थोडी सूज, निळसरपणा, जखमेजवळ बधिरपणा हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, पिशवी झपाट्याने फुगली, जखमेतून पू आला किंवा लघवी अडली, तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटलला जा. धमनीला इजा होऊन वृषण आक्रसणं हा सर्वांत गंभीर धोका आहे. तो अनुभवी हातांत फार क्वचित घडतो, पण संमतिपत्रावर सही करण्याआधी माहीत असायला हवा.

फुगलेल्या शिरा लगेच सपाट होत नाहीत. आतलं साचलेलं रक्त गोठून जिरायला काही आठवडे लागतात, त्या काळात हाताला कडक दोऱ्या लागतात. ‘ऑपरेशन फसलं’ असं तेव्हाच ठरवू नका.

सातवी पायरी: वाट पाहणं आणि पुढचे रिपोर्ट

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर प्रवासाचे काही दिवस. म्हणून तीन महिन्यांच्या आत वीर्यतपासणी करण्यात अर्थ नाही. पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी, दुसरा सहा महिन्यांनी. साधारण ६० ते ७० टक्के पुरुषांत आकडे सुधारतात. या काळात प्रयत्न थांबवायचे नाहीत, पाळीच्या मधल्या दिवसांत एक-दोन दिवसाआड संबंध ठेवायचा. या महिन्यांत घरातल्या मोठ्यांनी ‘काही बातमी?’ असं विचारत राहणं बंद करावं, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आधी शुक्राणू अजिबात नसलेल्या काही पुरुषांत ते ऑपरेशननंतर थोड्या प्रमाणात दिसू लागतात. ते पुढे टिकतीलच असं नाही, म्हणून दिसताक्षणी नमुना गोठवून ठेवणं बरं. संख्या सुधारली पण गर्भधारणा झाली नाही, असंही होतं. मग आधी आयव्हीएफच सांगितलेल्या जोडप्याला कधीकधी आययूआयसारखा (लॅबमध्ये तयार केलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा) सोपा आणि कमी खर्चाचा उपचार पुरतो.

सहा महिन्यांनंतरही आकडे हलले नाहीत तर पुन्हा उभं राहून तपासणी आणि डॉप्लर करा. शिरा परत फुगलेल्या आढळल्या तर एम्बोलायझेशन किंवा मायक्रोस्कोपखाली पुन्हा ऑपरेशन हे दोन मार्ग आहेत. शिरा नीट बंद असतील तर दुसरं ऑपरेशन शोधत फिरू नका, दोघांचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये घेऊन वंध्यत्वतज्ज्ञांकडे जा आणि पुढचा उपचार पत्नीच्या वयाप्रमाणे ठरवा.